मंगळवारची दुरुस्ती

भिंगरी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हतं, पण ते अंगाला इतकं चिकटलं होतं की खऱ्या नावाने हाक मारली तर ती चटकन ओ देत नसे. एका जागी टेकणं तिला जमायचंच नाही. चहा उभ्याने, फोन खोलीभर येरझाऱ्या घालत, आणि मीटिंगमध्ये बसावंच लागलं तर टेबलाखाली पाय चालू. मात्र त्या रविवारी सकाळी तिची जी घालमेल चालली होती, तिचा स्वभावाशी काही संबंध नव्हता. तिच्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिच्या थोरल्या बहिणीच्या लाँड्रीत नवी सिस्टीम सुरू व्हायची होती. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. गावातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या चादरी, गाऊन, टॉवेल तिथे ट्रकने यायचे, धुऊन, वाळवून, घड्या घालून, गठ्ठे बांधून ट्रकने परत जायचे. ताईने हा धंदा हाताच्या रेषा पुसल्या जाईपर्यंत राबून उभा केला होता, आणि तो नव्या सिस्टीमच्या हवाली करायला ती तयार झाली ती फक्त धाकटी म्हणाली म्हणून.

प्रकरण असं होतं. संगणक सुरू केला की आत जी मूळ ऑपरेटिंग सिस्टीम जागी होते, ती बहुतेक धंदेवाल्यांनी एखाद्या कंपनीकडून विकत घेतलेली असते. आत काय आहे ते बघायचं नाही, हात लावायचा नाही, आणि कंपनी एक दिवस ‘आता ही जुनी झाली’ म्हणाली की मुकाट्याने नवी घ्यायची. मुक्त सिस्टीमचं तसं नसतं. ती कुणा एकाची नाही. ज्याला हवी त्याने उघडून बघावी, सुधारावी, वापरावी. ऐकायला झकास आहे. पण धंदेवाला माणूस शेवटी एकच विचारतो, की बिघडली तर गचांडी कुणाची धरायची? या प्रश्नापुढे भिंगरीसारखे भले भले मुक्तवाले आजवर गार पडत आले होते.

त्यावर तोड म्हणून पाच कंपन्यांनी मिळून एक मंडळ काढलं. एरवी या पाच जणी एकमेकींचं गिऱ्हाईक पळवण्यात हयात घालवलेल्या. पण मुक्त सिस्टीम धंद्यांमध्ये लवकर रुजली तर पाचही जणींचं भलं होतं, म्हणून गळ्यात गळे घातले गेले. सिस्टीमची एक सामायिक प्रत ठेवायची, पाचही कंपन्यांच्या सामानावर ती तपासायची, आणि गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचं की आमच्यातल्या कुणाचीही गचांडी धरा. पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ताईची लाँड्री. ती चालली की बाकीचे धंदे बघून बघून येतील, असा सगळा हिशेब.

तपासणीसाठी एक लांबट खोली घेतली होती. पाच टेबलं, प्रत्येकावर एकेका कंपनीचा संगणक, शेजारी लेबल छापायचं यंत्र. प्रत्येक टेबलाला त्या त्या कंपनीचा इंजिनिअर: भिंगरी, प्रिंटरही बनवणाऱ्या कंपनीची एक मुलगी, एक दाढीवाला, एक गृहस्थ आणि एक लांबोडका. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कुणाच्या तरी पडद्यावर डोकावलं असा बभ्रा झाला, तेव्हापासून नियम निघाला की खोलीत एकट्याने थांबायचं नाही. जेवायला जायचं तर पाचही जणांनी एकदम जायचं आणि एकदमच परत यायचं. एखाद्याला भूक नसली तरी त्याला समोर बसून इतरांच्या तोंडाकडे बघत राहावं लागे. त्या लांबोडक्याला भिंगरीने थंडोबा नाव ठेवलं होतं. तो एक घास बत्तीस वेळा चावायचा, आणि तो पाणी पिऊन उठेपर्यंत भिंगरीचा जीव टांगणीला लागायचा.

सगळे जेवायला गेले की संगणक झोपी जायचे, परत आले की जागे व्हायचे. मागच्या आठवड्यात असंच जेवून आल्यावर भिंगरीने पहिलं लेबल छापलं, तर जेवणाआधीचंच लेबल पुन्हा बाहेर आलं. पडद्यावर एक नाव, कागदावर दुसरंच. तिने झटकन तो कागद फाडून मुठीत चुरगळला आणि खिशात कोंबला. कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून ती इतकी बावरली होती की इतर चौघं त्या क्षणी काय करताहेत याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

कारण तिने शोधून काढलं. झोपण्याआधी छापलेलं लेबल यंत्राच्या आठवणीत तसंच राहायचं आणि जागं झाल्यावर तेच आधी बाहेर पडायचं. तिने आपल्या कंपनीच्या प्रतीत ते दुरुस्त केलं, आणि हरखून साहेबांना सांगायला गेली.

साहेबांनी खुर्ची मागे रेलवली. “हे सामायिक प्रतीत टाकलंस?”

“अजून नाही. तुम्हाला सांगून टाकणार होते.”

“मग टाकू नकोस. मंगळवारी टाकू.”

“पण साहेब, सुरुवात सोमवारी आहे.”

“तेच म्हणतोय मी. सोमवारी सकाळी जरा गडबड होऊ दे. सगळे हात चोळत बसतील, आणि मंगळवारी आपण दुरुस्ती घेऊन जाऊ. मंडळात पाच नावं आहेत, लोकांच्या लक्षात एकच राहतं. ते आपलं राहू दे.”

“ती माझ्या बहिणीची लाँड्री आहे.”

“म्हणून तर सोपं आहे. घरचंच माणूस. एक सकाळ सांभाळून घेतील.” आणि मग त्याच गोड आवाजात त्यांनी आठवण करून दिली की कंपनीचं काम परवानगीशिवाय बाहेर गेलं तर काय होतं हे तिने नोकरी धरतानाच वाचून सही केलेलं आहे.

सोसायटीच्या पाण्यावरून अख्ख्या इमारतीशी भांडणारी भिंगरी, साहेबांपुढे तोंडात मूग धरून बसली. तेव्हापासून तिला झोप नव्हती, आणि रविवारी सकाळी लाँड्रीच्या दारात ताई समोर आली तेव्हा तिच्याकडे सरळ बघवेना.

“आलीस? खाल्लंयस का काही? तोंड बघ कसं झालंय, उंदराने कुरतडल्यासारखं,” ताई म्हणाली. बाह्या वर सरकवलेल्या, कपाळावर घाम. मागे वाळवणीची मोठी पिंपं घरघरत होती आणि गरम कापडाचा वास सगळीकडे भरला होता. “तुझी मंडळी सकाळपासून तारा ओढताहेत. तो एक लांबोडका आहे ना, एक तार जोडायला घटकाभर लावतो. झोपेत जोडतो का गं?”

“तसाच आहे तो.”

“आणि तू अशी का उभी आहेस, पळायला तयार असल्यासारखी? उद्याचं सगळं बरोबर होणार ना?”

“हो,” भिंगरी म्हणाली. ती वळून तारांच्या वेटोळ्यापाशी गेली आणि उगाचच एक वेटोळं सोडवून पुन्हा गुंडाळत बसली.

लाँड्रीत पाच टेबलांवर पाच कंपन्यांचे संगणक बसवले होते, त्यात गठ्ठे बाहेर पाठवायच्या टेबलावर थंडोबाच्या कंपनीचा. तिथे प्रत्येक बांधलेल्या गठ्ठ्यावर लेबल लागायचं, कुठलं हॉस्पिटल, कुठला विभाग. ताई सगळ्यांना ते टेबल दाखवायला घेऊन गेली, आणि तिच्या बोलण्यात मालकिणीचा तोरा होता. “इथे चूक चालत नाही बघा. भाजलेल्या पेशंटच्या विभागाच्या चादरी आम्ही वेगळ्या पाण्यात, वेगळ्या पिंपात धुतो. बंद पिशवीत जातात. तिथे साधी चादर गेली, तर माणसाच्या उघड्या जखमेवर जाते ती. आमच्याकडून एकदाही गेलेली नाही.” बोलताना तिने टेबलावर तळहात ठेवला होता.

हे भिंगरीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आठवडाभर तिने ते आठवायचं टाळलं होतं. ‘एक सकाळ’ म्हणताना साहेबांच्या डोळ्यासमोर चादरी नव्हत्या. तिच्या होत्या. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, म्हणून ती पुन्हा तारांच्या वेटोळ्याकडे वळली.

दुपारी थंडोबाने चाचणी म्हणून भाजलेल्यांच्या विभागाचं एक लेबल छापलं, ते बरोबर आलं, आणि सवयीने पाचही जण एकदम जेवायला उठले. इथे कुणी पहारा ठेवत नव्हतं, तरी एक उठला तसे बाकीचे उठले. लाँड्रीच्या मागच्या पडवीत ताईने पानं मांडली होती. थंडोबा आपल्या चालीने चावत होता. भिंगरीने दोन घास कसेबसे ढकलले आणि पाण्याचे तीन पेले प्यायली.

परत आल्यावर ताई म्हणाली, “चला, मला करून बघू दे. उद्या मलाच करायचंय.” टेबलावर नर्सेसच्या वसतिगृहाच्या चादरींचा गठ्ठा होता. ताईने चष्मा नाकावर ओढला, पडद्यावर वसतिगृह निवडलं आणि बटण दाबलं. यंत्राने कुरकुर करून लेबल बाहेर काढलं. थंडोबाचा हात, जो जन्मात कधी घाईने हलला नव्हता, तो विजेसारखा पुढे आला. पण ताईचा हात चादरी ओढून तयार झालेला. कागद तिच्या हातात आला.

तिने तो वाचला. ‘भाजलेल्यांचा विभाग’. मग गठ्ठ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि मग चष्म्यावरून एकेकाच्या तोंडाकडे.

“हे काय आहे?”

मागे पिंपं घरघरत होती.

“चूक झाली हे मला दिसतंय,” ताई म्हणाली. “पण चूक झाली की माणूस दचकतो. तुम्ही पाच जण आहात आणि दचकला एकही नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं.”

भिंगरीने मान फिरवून इतरांकडे बघितलं. प्रिंटरच्या कंपनीची मुलगी ओढणीचं टोक पिळत होती. दाढीवाला छताचे पंखे मोजत होता. पाचवा गृहस्थ बुटाची नाडी बांधायला वाकला होता, आणि त्याच्या बुटांना नाडीच नव्हती. तिच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला.

“तू खिशात घालणार होतास तो कागद,” ती थंडोबाला म्हणाली. “तुझ्या टेबलावरही जुनंच लेबल यायचं?”

“जेवून आलो की,” थंडोबा म्हणाला.

“आणि तू दुरुस्त केलंयस.”

“आमच्या प्रतीत. सामायिकमध्ये मंगळवारी टाकायचं ठरलंय.”

“मलाही मंगळवारच सांगितलाय,” प्रिंटरवाली मुलगी पुटपुटली, आणि दाढीवाल्याने पंखे मोजणं थांबवून खाली बघितलं.

भिंगरीला हसू फुटलं, आणि ते हसू आवरता आवरेना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाच कंपन्या, पाच साहेब, पाच केबिनी, आणि सगळ्यांनी मिळून एकच अक्कल लढवलेली. मंगळवारी धावून येणारे पाच जण तयार होते. सोमवारचा विचार एकाच्याही मनात आला नव्हता.

ताई हसत नव्हती.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“मागच्या आठवड्यात.”

“आणि सकाळी मी तुला विचारलं.”

“नोकरी जाईल म्हणाले होते, ताई. मला वाटलं, मी कसंतरी...”

“तोंडावर हो म्हणालीस माझ्या.” ताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. लहानपणी ताई चिडली की पाठीत धपाटा घालायची आणि पुढच्या घटकेला वेणी घालायला बोलवायची. आता तिने लेबलाची घडी केली, टेबलावर ठेवली, आणि ती कामगार बायकांकडे वळली. “उद्या सगळी लेबलं हाताने लिहायची. पहाटे या. जाड शाईची पेनं आणायला कुणीतरी जा.”

जुने संगणक दोनच दिवसांपूर्वी उचलून नेले होते, परतीची वाट नव्हती. हाताने लिहून किती निभणार हे ताईलाही कळत होतं, पण ती मागे वळली नाही.

भिंगरी तिथेच फरशीवर बसली आणि तिने मांडीवर लॅपटॉप उघडला. सामायिक प्रतीचा नियम असा होता की एका कंपनीच्या माणसाने बदल पाठवायचा आणि दुसऱ्या कंपनीच्या माणसाने तो वाचून मंजूर करायचा. आपला आपण मंजूर करता येत नसे. तिने आपली दुरुस्ती पाठवली. खाली तिचं नाव, कंपनीचं नाव, जगात कुणालाही दिसेल असं. मग तिने लॅपटॉप थंडोबासमोर धरला.

“मंजूर कर.”

“वाचतो.”

“नंतर वाच! आधी कर.”

“वाचल्याशिवाय करत नाही मी,” तो म्हणाला आणि एका गठ्ठ्यावर टेकला. तो वाचू लागला. भिंगरी पिंपांपर्यंत जाऊन आली, दारापर्यंत जाऊन आली, नखं खाऊन झाली. हा वाचतोय की घरी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करतोय, तिला कळेना. पळून जायचं असेल तर पळू दे एकदाचा, असंही वाटून गेलं. प्रिंटरवाली मुलगी तिच्या मागे मागे पाण्याची बाटली घेऊन फिरत होती.

शेवटी थंडोबाने डोकं वर केलं. “हे माझ्या मशीनवर चालणार नाही.”

“का?”

“तू संगणक जागा झाल्यावर जुनं लेबल पुसतेस. तुमच्याकडे ठीक आहे. आमच्याकडे छापायचं यंत्र आधी जागं होतं. तू पुसायला येईपर्यंत कागद बाहेर.” त्याने हनुवटी खाजवली. “मी झोपण्याआधीच पुसतो. पण ते तुमच्या मशीनवर चालणार नाही. तुमचं झोपताना काही सांगत नाही, एकदम झोपतं.”

म्हणजे मंगळवारी ती मिरवत आली असती तरी तोंडघशी पडली असती. आणि तोही पडला असता. तिने साहेबांचं ऐकलं असतं तरी साहेबांचं नाव काही मोठं होणार नव्हतं, हे कळल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

“दोन्ही एकत्र टाकू,” ती म्हणाली. “तुझंही नाव जाईल पण.”

थंडोबाने लॅपटॉप सावकाश स्वतःकडे ओढला. “आमचे साहेब माझ्यासारखेच आहेत,” तो म्हणाला. “त्यांना दिसेपर्यंत महिना जाईल.” आणि तो लिहायला बसला.

संध्याकाळी पाचही जण पाच टेबलांवर बसून संगणक मुद्दाम झोपवत होते आणि उठवत होते. कुणी कुणाच्या पडद्यात डोकावलं तरी कुणी हरकत घेतली नाही. थंडोबाने तिची दुरुस्ती मंजूर केली, तिने त्याची केली. लेबलं बरोबर येऊ लागली. ताई तिकडे बायकांना अक्षर मोठं काढायला शिकवत होती. भिंगरी दोनदा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही वेळा ताईने दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली.

सोमवारी सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा ती लाँड्रीच्या फाटकापाशी होती.

“दुरुस्तीखाली तुझं नाव दिसतंय.”

“हो.”

“उद्यापासून येऊ नकोस. आज कार्यक्रम उरकून घे, तिथे तमाशा नको.”

तिने फोन बंद केला. तिचे पाय नेहमीसारखेच आत चालू लागले.

आत पाचही साहेब आले होते. फोटो निघाले. तिच्या साहेबांनी भाषणही केलं, पाच कंपन्या खांद्याला खांदा लावून कशा उभ्या राहिल्या याचं, आणि टाळ्या पडल्या. सिस्टीम सुरू झाली. गठ्ठ्यामागून गठ्ठा टेबलावर येत होता, लेबल लागून ट्रकमध्ये जात होता. तरीही ताईने प्रत्येक गठ्ठ्यामागे एक बाई पेन घेऊन उभी केली होती. ती लेबल वाचायची, गठ्ठ्याला हात लावून खात्री करायची आणि मग मान हलवायची. एकही लेबल चुकलं नाही. भिंगरी कुणी न सांगताच त्या बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि लेबलं वाचू लागली.

दुपारच्या सुमाराला एका मोठ्या हॉस्पिटलची मेट्रन, तिथल्या नर्सेसची प्रमुख, पाहणीला आली. ताई तिला घेऊन टेबलाटेबलावरून फिरली, मेट्रनने दोन बंद पिशव्या उलटसुलट करून बघितल्या आणि तिचं समाधान झालं. तिची नजर रांगेतल्या भिंगरीवर गेली. इतर बाया गणवेशात होत्या, हिच्या एकटीच्याच अंगावर तो नव्हता.

“ह्या कोण?” मेट्रनने ताईला विचारलं. “चेहरा तुमच्यासारखा वाटतो.”

ताईने भिंगरीकडे बघितलं. काल दुपारपासून पहिल्यांदाच बघितलं.

“कंपनीच्या आहेत,” ताई म्हणाली, आणि मेट्रनला घेऊन पुढे गेली.

पुढचा गठ्ठा समोर आला होता. भिंगरीने लेबल वाचलं, चादरींना हात लावून बघितला आणि मान हलवली.